अधू दृष्टी आणि वृद्धांचे पडणे

उतारवयात नजर मंदावल्यामुळे ठेच लागणे, पायरी चुकणे, तोल जाणे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६,८४,००० माणसे पडल्यामुळे दगावतात. त्यांत साठीपुढची सर्वाधिक. खुब्याचे हाड मोडले की अनेकांचे स्वतंत्र हिंडणेफिरणे कायमचे थांबते.

तोल सांभाळतात डोळे, आंतरकर्ण आणि पायांच्या सांध्यांतून मिळणारी जाणीव. मधुमेहाने तळपाय बधिर झाले की डोळ्यांवरचा भार वाढतो, आणि तोच मधुमेह दृष्टिपटलही (डोळ्याचा आतला पडदा) पोखरत असतो.

डोळे तपासण्याच्या तक्त्यावरची काळी अक्षरे वाचता आली म्हणजे नजर ठीक, हा समज घातक आहे. मोतीबिंदूत अक्षरे दिसत असतानाही राखाडी पायरीची राखाडी कड हरवते. काचबिंदूत कडेचे आणि खालचे दिसणे नकळत आक्रसत जाते. गिरगाव, लालबागच्या जुन्या चाळींत झिजलेल्या लाकडी जिन्याच्या सगळ्या पायऱ्या एकाच रंगाच्या होऊन जातात. उन्हातून आत आलेल्या म्हाताऱ्या डोळ्यांना अंधार सरावायला वेळ लागतो. तोवर पाय अंदाजानेच पडतात. रात्री गॅलरीच्या टोकाच्या सामाईक संडासाकडे जाताना, किंवा पावसात उखडलेले पेव्हर ब्लॉक पाण्याखाली गेल्यावर, हीच गत.

बायफोकल चष्म्याचा खालचा भाग हातभर अंतरावरच्या वाचनासाठी असतो. जिना उतरताना नजर त्यातूनच जाते आणि पायरी धूसर दिसते. नेहमी बाहेर पडणाऱ्या वृद्धांना चालण्यापुरता फक्त लांबचा चष्मा दिल्यावर त्यांचे पडणे कमी झाल्याचे ऑस्ट्रेलियातील २०१० च्या अभ्यासात दिसले. फारसे बाहेर न पडणाऱ्यांचे घराबाहेरचे पडणे मात्र वाढले. म्हणून हा बदल डॉक्टरांना विचारूनच करावा.

‘मोतीबिंदू पिकू दे, मग बघू’ असे अजूनही घरोघरी ऐकू येते. आजच्या शस्त्रक्रियेला तो पिकण्याची गरज नसते आणि थांबण्यात धोका आहे: ब्रिटनमधील २००५ च्या अभ्यासात, सत्तरीपुढच्या ज्या स्त्रियांच्या पहिल्या डोळ्याची शस्त्रक्रिया लवकर झाली, त्यांच्यात पडण्याचे प्रमाण ३४ टक्क्यांनी कमी आढळले.

घरात पायरीच्या कडेला आणि मोरीच्या उंबऱ्याला ठळक रंगाचा पट्टा मारावा, जिन्यावर आणि संडासाच्या वाटेवर रात्रभर दिवा ठेवावा. चष्म्याचा नंबर बराच बदलला असेल तर जमीन वरखाली भासते. डोळ्यांना सवय होईपर्यंत कठडा धरूनच उतरावे.