ॲस्परजिलोमा

क्षयरोगाने फुफ्फुसात पाडलेल्या पोकळीत ॲस्परजिलस या बुरशीचा गोळा वाढतो, त्याला ॲस्परजिलोमा म्हणतात. टीबी बरा झाला तरी पोकळी उरते आणि बुरशीला आयती जागा मिळते. ओल धरलेला कडबा, कुबट धान्य, शेणखत, घराच्या ओल्या भिंती, ही बुरशी कुठेही असते. तिचे बीजाणू रोज आपल्या सर्वांच्याच श्वासातून आत जातात. धडधाकट फुफ्फुस त्यांना टिकू देत नाही. हा आजार माणसाकडून माणसाला होत नाही, त्यामुळे रुग्णाचे ताट-वाटी वेगळे ठेवण्याचे काहीच कारण नाही.

एक्स-रेवर गोळ्याभोवती हवेची काळी चंद्रकोर दिसते. रुग्ण कुशीवर वळला की कधीकधी गोळाही पोकळीत सरकतो. अनेकांना वर्षानुवर्षे काहीच जाणवत नाही. मग एके दिवशी बेडक्यात रक्ताची रेघ दिसते.

घरोघरी घोटाळा होतो तो इथेच. ‘टीबी उलटला’ असे समजून जुन्या उरलेल्या गोळ्या सुरू केल्या जातात. त्या बुरशीवर चालत नाहीत. शिवाय त्यांतील रिफाम्पिसिनमुळे इट्राकोनॅझोल हे बुरशीवरचे औषध निकामी ठरते. टीबी होऊन गेलेल्याला पुन्हा दोन आठवड्यांहून जास्त खोकला राहिला, वजन उतरू लागले, दम लागू लागला किंवा रक्ताची एक रेघ जरी दिसली, तरी जुने एक्स-रे घेऊन छातीच्या डॉक्टरांकडे जावे. थुंकीत टीबीचे जंतू सापडले नाहीत म्हणून निर्धास्त होऊ नये. सीटी स्कॅन आणि रक्तातील ॲस्परजिलस प्रतिपिंडांची तपासणी करता येईल का, हे आपणहून विचारावे.

रक्ताची गुळणी आली, दम कोंडला किंवा ओठ निळसर पडले, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. रक्त थोड्या वेळाने थांबले तरी जावेच, कारण पुढची उबळ मोठी असू शकते. आजार कोणत्या बाजूला आहे हे ठाऊक असेल, तर रुग्णाला त्याच कुशीवर निजवावे, म्हणजे रक्त चांगल्या फुफ्फुसात उतरत नाही.

केमोथेरपी चालू असलेल्या, अवयवरोपण झालेल्या किंवा दीर्घकाळ स्टिरॉइड घेणाऱ्या रुग्णांत हीच बुरशी फुफ्फुसाच्या ऊतींत घुसते आणि काही दिवसांत जिवावर बेतते. त्यांनी ताप १०० अंश फॅरनहाइटच्या वर गेला की लगेच आपल्या डॉक्टरांना कळवावे.