खासगी एफएम आणि कम्युनिटी रेडिओ: सोल संगीताचा शनिवार कोणाकडे?

गाडीतला रेडिओ लावला की ८८ ते १०८ मेगाहर्ट्‌झमध्ये जे लागेल त्याला आपण नागपूरकर सरसकट 'एफएम' म्हणून मोकळे होतो. खासगी स्टेशन आणि कम्युनिटी रेडिओ एकाच पट्ट्यात वाजतात. आपल्याकडे स्वतःच्या बातम्या द्यायची मुभाही दोघांना नाही. मग फरक कळणार कसा? मला तो सोलच्या, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या एका संगीतप्रकाराच्या, वीकेंड कार्यक्रमांमुळे नीट उमगला.

खासगी स्टेशन जाहिरातींवर जगतं. गाणी निवेदक निवडत नाही, प्लेलिस्ट ठरवते, आणि तीच ती दिवसभर फिरत राहतात. कम्युनिटी स्टेशन ना-नफा संस्थेचं. अमेरिकेत एफएमचा ८८ ते ९२ हा तुकडा १९४५ पासून अव्यावसायिक स्टेशनांसाठी राखीव आहे. १९४९ मध्ये बर्कलीत सुरू झालेलं केपीएफए श्रोत्यांच्या पैशावर उभं राहिलं, आपली गणेश मंडळं वर्गणीवर उभी राहतात तसं. अशा ठिकाणी सोलचा कार्यक्रम करणारा बहुधा स्वयंसेवक असतो, घरच्या रेकॉर्डी पिशवीत घालून येणारा. आठवडाभर त्याची नोकरी, म्हणून कार्यक्रम शनिवार-रविवारी.

पण म्हणून खासगीवाल्यांना खलनायक ठरवू नका. अमेरिकेतल्या मेम्फिस शहराचं डब्ल्यूडीआयए हे चक्क धंदेवाईक स्टेशन, मालक गोरे, कारभार तोट्यात. १९४८ मध्ये त्यांनी नॅट डी. विल्यम्स या कृष्णवर्णीय शिक्षकाला माइकवर बसवलं आणि लवकरच सगळे कार्यक्रम कृष्णवर्णीय श्रोत्यांसाठी केले. बी. बी. किंग आणि रूफस थॉमस हे गायक तिथे निवेदन करायचे. १९५४ मध्ये स्टेशनची ताकद ५०,००० वॅटवर गेली. चर्चमधलं भक्तिसंगीत म्हणजे गॉस्पेल आणि सुखदुःखाची गाणी म्हणजे ब्लूज एकाच स्टेशनवर ऐकू येत होतं, आणि ज्या मिश्रणातून सोल जन्मलं ते हेच. म्हणजे सोलला मोठं केलं धंद्याने. गाणी जुनी झाली, जाहिरातदारांना तरुण श्रोते हवे झाले, तेव्हा त्या गाण्यांना आसरा दिला तो कम्युनिटी रेडिओने.

आपल्याकडे २००६ पासून स्वयंसेवी संस्थांनाही कम्युनिटी रेडिओ काढता येतो. खासगीवाल्यांसारखा फ्रिक्वेन्सीचा लिलाव नाही, पण ताकद जेमतेम १०० वॅट. सीताबर्डीवर टॉवर उभारला तर शहर झालं. कामठीला आवाज पोहोचला तर पोहोचला. शिवाय निम्मे कार्यक्रम स्थानिक हवेत. त्यामुळे इथे ओटिस रेडिंगसारखा सोल गायक ऐकायला मिळेल अशी आशा मी धरत नाही, आणि त्याचं वाईटही वाटत नाही. खडी गंमत, दंडार या आपल्या लोककला आणि जुनी भीमगीतं यांना हिंदी फिल्मी प्लेलिस्टमध्ये जागा मिळणं कठीण. नागपूरचा खरा सोल शो त्यांचाच व्हायला हवा. त्यासाठी जाहिरातदाराला विचारावं लागत नाही. कॅसेटी जपून ठेवलेला आणि शनिवारची संध्याकाळ मोकळी असलेला एखादा काका मिळाला तरी पुरे.