'राइट ऑफ' म्हणजे कर्जमाफी नव्हे

"बँकांनी बड्या उद्योगांची लाखो कोटींची कर्जे माफ केली," असा संदेश गेली अनेक वर्षे फिरतो आहे. त्यातील रक्कम पुष्कळदा अधिकृत आकडेवारीतूनच उचललेली असते; चुकतो तो 'माफ' हा शब्द.

हप्ता किंवा व्याज 90 दिवसांहून अधिक थकले की कर्जखाते अनुत्पादक (एनपीए) ठरते आणि बँकेला आपल्या नफ्यातून त्यासाठी टप्प्याटप्प्याने तरतूद करावी लागते, म्हणजे संभाव्य तोट्यापोटी रक्कम बाजूला ठेवावी लागते. ही तरतूद 100 टक्के झाली की, सहसा चार वर्षांनी, ते कर्ज ताळेबंदातून काढले जाते. यालाच निर्लेखन किंवा 'राइट ऑफ' म्हणतात. कर्जदाराचे देणे मात्र कायम राहते, आणि तारण विकणे, जामीनदाराकडे मागणी करणे, दावा चालवणे हे सारे सुरूच असते. शेतकरी कर्जमाफीत कर्जदाराचे देणेच संपते व ती रक्कम सरकार बँकेला देते.

तरीही या संदेशामागची चीड निराधार नाही. निर्लेखित कर्जांची वसुली अनेकदा तुटपुंजी होते, आणि 2016 च्या दिवाळखोरी संहितेखाली मंजूर होणाऱ्या, कर्जबुडव्या कंपन्या सावरण्याच्या अनेक आराखड्यांत बँका थकबाकीचा मोठा वाटा खरोखरच सोडून देतात. जाब विचारायचा तो तिथे.

पडताळणीसाठी बँकेच्या वार्षिक अहवालातील हिशेबांच्या टिपा पाहाव्यात. त्यांत त्या वर्षीचे निर्लेखन आणि पूर्वी निर्लेखित केलेल्या खात्यांतून झालेली वसुली वेगवेगळी दाखवलेली असते. माफीच झाली असती, तर ही दुसरी नोंद असण्याचे कारणच नव्हते.