राउटरला स्क्रिप्ट कळत नाही?

‘सिस्कोच्या राउटरवर एकेक कमांडच द्यायची, लूप (तीच कमांड पुन्हापुन्हा चालवणं) हवा तर लॅपटॉपवर पायथन लिहा’ हे नवशिक्यांना अजूनही सांगतात. खरं तर आयओएस या सिस्कोच्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या १२.३(२)टी आवृत्तीपासून राउटरमध्येच टीसीएल या स्क्रिप्टिंग भाषेचा शेल (कमांड टाइप करायची जागा) आहे. विशेषाधिकार मोडमध्ये ‘टीसीएलएसएच’ टाइप करा, आयपी पत्त्यांच्या यादीवर ‘फॉरईच’ हा लूप फिरवा, आत पिंग (पत्ता उत्तर देतो का ते बघणारी कमांड), झालं काम. फ्लॅशमध्ये ठेवलेली फाइलही त्याच कमांडने चालते.

फक्त वेळेचा हिशेब करा. उत्तर न देणाऱ्या पत्त्यासाठी मूळ सेटिंगनुसार ५ पिंग, प्रत्येकी २ सेकंद, म्हणजे १० सेकंद जातात. असे ४० पत्ते असतील तर जवळपास पावणेसात मिनिटं उत्तर न आल्याची टिंबं नुसती बघत बसा! ‘टाइमआउट १’ लावलं की वेळ निम्मी. आणि शेलमधून बाहेर पडायला ‘टीसीएलक्विट’. हे हमखास विसरतं.