तळ्याचा काठ आणि पाणलाव्याची चोच

नोव्हेंबरातल्या एका पहाटे कोल्हापूरच्या कळंबा तलावाच्या उथळ बाजूला मी बसलो होतो. धुके उठल्यावर माझ्यापासून पंधरा-वीस पावलांवर चिखलाचाच एक गोळा हलल्यासारखा वाटला. तो पाणलावा होता. तपकिरी अंगावर वाळलेल्या गवताच्या काड्यांसारख्या पिवळट रेघा आणि डोक्याच्या जवळजवळ दुप्पट लांबीची सरळ चोच. ती चोच तो मुळापर्यंत चिखलात खुपसत होता आणि शिवणयंत्राच्या सुईसारखी वरखाली करत होता. या चोचीच्या टोकाशी संवेदी मज्जातंतूंची दाटी असते, त्यामुळे चिखलात वळवळणारी अळी त्याला न बघता कळते. शिवाय बाकीची चोच मिटलेली ठेवून फक्त टोक उघडण्याची सोय त्याच्याकडे आहे, म्हणून अळी पकडण्यासाठी त्याला चिखलाचा भार उचलावा लागत नाही. मात्र एवढी नाजूक रचना चालते ती मऊ, ओल्या चिखलातच. काठाच्या उतारावर दगड बसवले (पिचिंग झाले) किंवा सिमेंटची भिंत उभी राहिली, की या चोचीचा काहीही उपयोग उरत नाही.

कोल्हापुरात पक्ष्यांचा विषय निघाला की बोट दाजीपूरकडे जाते आणि ते साहजिकही आहे. 1958 साली घोषित झालेले आणि आज राधानगरी अभयारण्य म्हणून सुमारे 351 चौरस किलोमीटरवर पसरलेले ते जंगल 2012 पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशाचा भाग आहे. तिथल्या धनेशाच्या ढोलीला कायद्याचे कुंपण आहे, वनरक्षक आहेत. कळंबा, रंकाळा, राजाराम तलाव आणि पंचगंगेच्या काठावरच्या पक्ष्यांना असे काहीही नाही. केंद्र सरकारच्या 2017 च्या पाणथळ नियमांनी केलेल्या व्याख्येतून नद्यांची पात्रे आणि पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले तलाव वगळलेले आहेत. संस्थानकाळात शहराच्या पाण्यासाठी बांधलेला कळंबा आणि गावोगावचे पाझर तलाव यांची राखण त्यामुळे मुख्यतः स्थानिक लोकांच्याच हाती राहते, आणि तिथे नेमके काय राखायचे हे आधी समजून घेतले पाहिजे.

माझ्या मते राखायचा तो काठ. तळ्याच्या मधल्या खोल पाण्यात पक्ष्यांना खायला फारसे मिळत नाही. बहुतेकांचे जेवण काठापासूनच्या थोड्या अंतरातच मांडलेले असते, आणि त्यातही पायांच्या आणि मानेच्या लांबीनुसार पंगती वेगळ्या बसतात. नुसत्या ओल्या चिखलात टिलवे आणि तुतवार धावतात, वीतभर पाण्यात लांब गुलाबी पायांचा शेकाट्या चालतो, त्याहून थोड्या खोल पाण्यात हळदीकुंकू बदक डोके बुडवून शेपूट वर करते, आणि पुढे टिबुकली बुडी मारून मासे धरते. उतरता काठ म्हणजे या सगळ्या पंगती एकाच ठिकाणी. उभी भिंत बांधली की पाणी एकदम पुरुषभर खोल होते आणि पहिल्या तीन पंगती उठतात. सुशोभीकरणानंतर तळे भरलेले आणि देखणे दिसते, पण तिथे पाणकावळे आणि टिबुकलीसारखे बुडी मारणारे पक्षीच काय ते उरतात, याचे कारण हे आहे. फिरायला रस्ता हवा हे मान्य. तो एका बाजूने करावा आणि ज्या बाजूने ओढा तळ्यात उतरतो, जिथे गाळ साचून पाणकणीस वाढलेले असते, ती बाजू तशीच सोडावी. पाणकणीस ही घाण आहे असा समज आहे, पण त्याच्या मुळांशी पाणी थबकते, गाळ खाली बसतो, आणि जांभळी पाणकोंबडी त्याच्याच आडोशाने घरटे करते.

जलपर्णीचा प्रश्न मात्र अवघड आहे. दक्षिण अमेरिकेतून आलेली ही वनस्पती नायट्रोजन आणि फॉस्फरसयुक्त सांडपाण्यावर पोसते, उबदार हवेत दोनेक आठवड्यांत दुप्पट होते, आणि तिचे बी गाळात कित्येक वर्षे जिवंत राहते. तिचा गालिचा पसरला की उजेड खाली जात नाही, कुजणाऱ्या पानांमुळे पाण्यातला प्राणवायू संपतो, मासे मरतात आणि टिबुकलीला बुडी मारायला मोकळे पाणी उरत नाही. म्हणून ती काढलीच पाहिजे, आणि त्याआधी तळ्यात येणारे नाले अडवले पाहिजेत, नाहीतर दरवर्षी यंत्र लावून तेच काम पुन्हा करावे लागते. पण ती केव्हा काढायची याचाही विचार हवा. पावसाळ्यात कमळपक्षी याच तरंगत्या पानांवर अंडी घालतो. मादी अंडी घालून दुसऱ्या नराकडे निघून जाते. अंडी उबवणे आणि पिल्ले सांभाळणे ही सगळी कामे नरच करतो. त्या महिन्यांत यंत्र फिरले तर घरटी पानांसकट डंपरमध्ये जातात. हे काम हिवाळ्यात किंवा उन्हाळ्यात केले, तर तळेही स्वच्छ होते आणि पिल्लेही वाचतात.

पक्षी दिसतात म्हणजे पाणी चांगले, असाही निष्कर्ष काढू नये. सांडपाण्याच्या गाळात न चावणाऱ्या चिलटांच्या लाल अळ्या माजतात. त्यांच्या रक्तात हिमोग्लोबिन असल्यामुळे कमी प्राणवायूतही त्या तग धरतात. त्या खायला शेकाट्यांचे थवे जमतात. एकाच जातीचे शेकडो पक्षी आणि बाकी शुकशुकाट, असे चित्र दिसले तर नाल्याकडे पाहावे.

काठाची गोष्ट तळ्यांपुरती नाही. शिवारातल्या विहिरीवर वाकलेली बाभूळ ही सुगरणीची हक्काची जागा आहे, कारण खाली पाणी असले की सापाला आणि मांजराला घरट्यापर्यंत पोहोचणे कठीण जाते. नाव स्त्रीलिंगी असले तरी खोपा विणतो तो नर. आपल्याकडे तो बऱ्याचदा उसाच्याच पानाची कड चोचीत धरून लांब पट्टी सोलून काढतो आणि तिने शेकडो खेपा करून विणतो. अर्धे घरटे झाले की थांबतो, पंख फडफडवून मादीला बोलावतो, आणि तिने पसंत केले तरच बोगद्यासारखे दार पूर्ण करतो. मोठे सुगरण दाणे खातात, पण पिल्लांना नाकतोडे आणि अळ्या भरवतात, तेही खरिपाची पिके उभी असतानाच. विहीर बुजवताना किंवा बांध कोरताना ती एक बाभूळ जाते आणि पूर्ण वसाहत उठते.

2002 च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत आणि नगरपालिकेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असणे बंधनकारक केले आहे आणि लोकजैवविविधता नोंदवही ठेवायला सांगितली आहे. या वहीत अशी बाभूळ, तळ्याची ओढ्याकडची बाजू, पाणकणसाचा पट्टा यांची जागेसह नोंद झाली, तर कामाचा ठराव मांडला जाताना कुणाला तरी बोट ठेवायला कागद मिळतो. महाराष्ट्रात 5 ते 12 नोव्हेंबर, म्हणजे मारुती चितमपल्ली आणि सलीम अली यांच्या जन्मदिनांदरम्यान, पक्षी सप्ताह असतो. तेव्हा कळंब्यावर आणि रंकाळ्यावर दुर्बिणी घेतलेली मुले दिसतात, फार बरे वाटते. त्या दिवसांत नोंद होते ती मुख्यतः धोबी, तुतवार अशा पाहुण्यांची. घरच्या पक्ष्यांची गणती जुलैच्या पावसात करायला हवी, कमळपक्ष्याचा नर अंड्यांवर बसलेला असतो तेव्हा. आणि त्या महिन्यात काठावर छत्री घेऊन उभे राहायला आज माणसे कमी पडतात.