पुरात, गारांत दारं-खिडक्या गेल्या? मदतीचा अर्ज कुठे अडतो ते आधी वाचा

"सायेब, दारं-खिडक्या बसवायला सरकारचं काही अनुदान हाय का?" पाऊस उघडला की हा प्रश्न गावोगाव सुरू होतो. आधी सरळ उत्तर देतो. घराची जुनी दारं-खिडक्या काढून नवी बसवायला पैसे देणारी वेगळी योजना आपल्याकडे नाही. त्या नावाने कुणी फॉर्म विकत असेल, 'फाइल पुढे सरकवतो' म्हणून पाचशे-हजार मागत असेल, तर एक रुपयाही देऊ नका.

पण पूर, गारपीट, अतिवृष्टी अशा आपत्तीत दारं-खिडक्या मोडल्या किंवा वाहून गेल्या असतील तर गोष्ट वेगळी आहे. तिथे मदत मिळते, फक्त ती दाराच्या नावाने मिळत नाही. ती 'घराची अंशतः पडझड' या नावाने मिळते, आणि पुष्कळ अर्ज हा शब्द न कळल्यामुळे परत येतात. अर्जात "माझे दार व दोन खिडक्या तुटल्या, त्याचे पैसे मिळावेत" असं लिहून दिलं की समोरचा माणूस "दाराला पैसे नसतात" म्हणून कागद बाजूला ठेवतो. त्याचं म्हणणं नियमाला धरून असतं, पण योग्य शब्द कोणता हे सांगायची तसदी फार थोडे घेतात.

राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून मिळणारी ही मदत आहे. २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठी ठरलेले दर असे: पक्क्या घराची अंशतः पडझड झाली तर ६,५०० रुपये, कच्च्या घराची ४,००० रुपये. झोपडीला ८,००० रुपये. घराला लागून असलेल्या गोठ्याला ३,००० रुपये. घर पूर्ण पडलं किंवा राहण्याजोगं उरलं नाही इतकं मोडलं, तर सपाट भागात १,२०,००० आणि डोंगराळ भागात १,३०,००० रुपये. हे दर केंद्र ठरवतं, राज्य कधी त्यात भर घालतं. म्हणून शेजारच्या तालुक्यात मागच्या वर्षी कुणाला किती मिळाले, त्यावरून आपला हिशेब मांडू नका. त्या आपत्तीसाठी निघालेला शासन निर्णय काय म्हणतो तेच खरं.

आता मुख्य अडचण. अंशतः पडझडीला एक अट आहे: नुकसान किमान १५ टक्के हवं. हे १५ टक्के दाराचं नाही, सगळ्या घराचं. भिंती आणि छत शाबूत असलेल्या घराचं एक दार आणि दोन खिडक्या गेल्या, तर ते १५ टक्के भरणं अवघड असतं. पण नुसतं दार मोडलं असं सहसा घडतच नाही. चौकट तिरकी झाली असेल तर ज्या भिंतीत ती बसवली आहे ती भिंत खचलेली असते. गारांनी खिडकीची काच फुटली असेल तर वरच्या पत्र्यालाही भोकं पडलेली असतात. पुराचं पाणी दारातून घुसलं असेल तर खालची जमीन, भिंतीचा गिलावा, आतली चूल हे सगळं गेलेलं असतं. माणूस मात्र पंचनाम्याला आलेल्यांना फक्त दार दाखवतो, कारण रात्री झोप लागू देत नाही ते उघडं दारच. सगळं दाखवा. चौकटीजवळची भेग, छताची गळती, ओलीने सुटलेला कोपरा, सगळं. फोटो काढताना तुटलेली चौकट आणि तिची भिंत एकाच फोटोत आणा. एक फोटो समोरून, अख्खं घर दिसेल असा घ्या. तारीख-ठिकाण उमटणारं कॅमेऱ्याचं अॅप गावातल्या कुठल्याही पोराच्या फोनमध्ये असतं.

माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या घरात राहणाऱ्यांनी हे जरा जास्त लक्ष देऊन वाचावं. पांढऱ्या मातीची भिंत पुष्कळदा पावसात नाही, पाऊस थांबल्यावर पडते. चार दिवस पाणी पिऊन ती जड होते आणि ऊन पडलं की फुटते. मग कागदावर आपत्तीची तारीख एक आणि घर पडल्याची तारीख दुसरी होते. "त्या दिवशी तर पाऊस नव्हता, घर जुनं होतं म्हणून पडलं," असा शेरा पडला की मदत तिथेच बुडते. अशा वेळी पंचनाम्यात 'सततच्या पावसाने भिंती भिजून पडझड' असं कारण आलं पाहिजे. ज्या दिवसांत पाऊस झाला त्या तारखा स्वतः सांगा. महसूल मंडळात (काही गावं मिळून झालेला तालुक्याचा भाग) २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की त्याला अतिवृष्टी धरतात. तुमच्या मंडळाचा आकडा तहसीलमध्ये असतो, तो विचारून घ्या. सागवानी चौकट सरकली, कडी लागेना, दार घासायला लागलं, ही माळवद खचल्याची पहिली खूण आहे. तेव्हाच कळवा. आणि त्या घरात लेकरं झोपवू नका. पैसे नंतर बघता येतील.

मुदतीबद्दल सगळ्यात मोठा गैरसमज आहे, आणि त्याने माणसांचं फार नुकसान होतं. वर्तमानपत्रात 'मराठवाड्यासाठी इतक्या कोटींची मदत मंजूर' अशी बातमी येते. ती वाचून लोक सेवा केंद्रावर रांगा लावतात, "अर्ज सुरू झाले का?" विचारतात. अर्ज तेव्हा सुरू होत नाहीत. ती रक्कम ज्यांचे पंचनामे आधीच झाले त्यांच्यासाठी आलेली असते. शासन निर्णय निघायला आठवडे लागतात, पंचनामे मात्र आपत्तीनंतरच्या थोड्या दिवसांतच होतात. म्हणजे खरी मुदत बातमीच्या आधीच निघून गेलेली असते. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना, मांजरा, सिंदफणा या नद्यांनी काठची गावं बुडवली, त्यानंतरही हेच झालं. चिखल उपसण्यात दिवस गेले, कागद मागे राहिला. त्यात कुणाची चूक नव्हती. घरात गुडघाभर गाळ असताना माणूस तलाठ्याला शोधत फिरेल का?

म्हणून नुकसान झाल्यावर एक-दोन दिवसांत दोन ओळींचा अर्ज द्या. तलाठ्याकडे द्या (आता त्यांचं पदनाम ग्राम महसूल अधिकारी आहे) आणि एक प्रत ग्रामसेवकाकडे, म्हणजे आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे. तुमच्या प्रतीवर तारखेसह पोहोच घ्या. "पोहोचबिहोच कशाला, मी बघतो ना" असं कुणी म्हणालं तरी पोहोच घ्याच. पुढे यादीतून नाव सुटलं तर हातात तेवढाच कागद असतो.

पंचनाम्याची वाट बघत दार उघडंच ठेवायचं का, हा प्रश्न हमखास येतो. नाही. घरात साप-विंचू येतात, बायामाणसं एकटी असतात. दार लावून घ्या. फक्त आधी फोटो काढा, मोडकी फळी-चौकट अंगणात ठेवून द्या आणि दुरुस्तीची पावती जपा. भंगारवाल्याला ती चौकट लगेच देऊन टाकली आणि आलेल्यांनी "नुकसान दिसत नाही" लिहिलं, असं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

पंचनाम्याच्या कागदावर सही करण्याआधी तो वाचा. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या लेकराकडून वाचून घ्या, त्यात लाज नाही. तीन जागा बघायच्या: घर कच्चं लिहिलंय की पक्कं, नुकसान अंशतः की पूर्ण, आणि कारण काय लिहिलंय. कच्चं-पक्कं चुकलं तर अडीच हजारांचा फरक पडतो. अंशतः आणि पूर्ण यांतला फरक मात्र लाखाच्या वर आहे. दोन भिंती उभ्या आहेत म्हणून 'अंशतः' लिहून टाकतात, पण त्या दोन भिंतींच्या आधाराने कुणी राहू शकतं का, हे बघितलं जात नाही. नियमात 'पूर्ण' नुकसानीच्या ओळीतच 'तीव्र' नुकसानही येतं. घर राहण्याजोगं नसेल तर अभियंत्याकडून मूल्यांकन व्हावं अशी लेखी मागणी तहसीलदारांकडे करा. कोऱ्या किंवा अर्धवट भरलेल्या कागदावर अंगठा देऊ नका, तो आणणारा माणूस कितीही ओळखीचा असो.

कागदपत्रांत आधार कार्ड, बँक पासबुक, रेशन कार्ड, फोटो हे सगळ्यांकडे असतं. नसतो तो घराचा कागद. "आठ-अ आण" म्हटलं की लोक शेताचा आठ-अ घेऊन येतात. तो शेतजमिनीच्या खात्याचा उतारा. घरासाठी लागतो तो ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे घरपट्टीच्या आकारणीचा उतारा. नाव जवळजवळ सारखं असल्याने माणसं दोन-दोन खेपा घालतात, आणि खिडकीपलीकडून "हा नाही, दुसरा" एवढंच ऐकायला मिळतं. हा फरक एका वाक्यात सांगितला तर बीडच्या किंवा हिंगोलीच्या कोपऱ्यातल्या माणसाची एक रोजंदारी वाचेल. ज्या गावांत गावठाणाची ड्रोन मोजणी होऊन मालमत्ता पत्रक मिळालं आहे, त्यांनी तेही जोडावं.

नमुना ८ मिळाला तरी त्यावर नाव कुणाचं? पुष्कळ घरं अजून आजोबांच्या नावावर आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-धाराशिवकडे जी गावं नव्याने वसली, तिथलीही पुष्कळ घरं तेव्हाच्या कर्त्या माणसाच्या नावे आहेत. तो माणूस गेला, घर तीन भावांत वाटलं गेलं, नोंद तशीच राहिली. मयताच्या नावे पैसे निघत नाहीत. मृत्यू प्रमाणपत्र देऊन ग्रामपंचायतीत वारस नोंद करून घ्या. ती होईपर्यंत बाकीच्या वारसांचं लेखी संमतीपत्र देऊन एकाच्या नावे मदत मागा. भावाभावांत बोलणं नसेल तर हा कागद फार जड जातो हे मला माहीत आहे. तरी पावसाळ्याआधी, डोकं शांत असताना तो करून ठेवा.

मदतीसाठी घर अधिकृत बांधकाम असावं अशी अट आहे. गायरानावर राहणाऱ्यांचे आणि शेतवस्तीवर विनानोंद घर बांधलेल्यांचे अर्ज इथे अडकतात. घरपट्टी भरत असाल तर तिच्या जुन्या पावत्या, वीजबिल, मतदार यादीतला पत्ता हे सगळं जोडा. हमी कुणी देणार नाही, पण रिकाम्या हाताने गेलात तर अर्जावर विचारही होणार नाही.

ऊसतोडीला जाणाऱ्यांची अडचण याहून वेगळी आहे. घराला कुलूप लावून कुटुंब दिवाळीनंतर कारखान्यावर जातं. गारपीट आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये होते. पंचनाम्याला आलेली माणसं कुलूप बघतात आणि पुढच्या घराला जातात. जाण्याआधी नमुना ८ ची आणि आधारची झेरॉक्स भावकीत किंवा शेजारी ठेवा, आणि नुकसान झाल्यास माझ्या वतीने माहिती द्यावी असं साधं पत्र सही करून द्या. शेजाऱ्याने फोटो पाठवला की कोयता बाजूला ठेवून तलाठ्याला फोन करा. नंबर आधीच फोनमध्ये असू द्या.

मदत मंजूर होऊनही खात्यात येत नाही, याचं कारण बहुतेक वेळा बँकेत असतं. "खात्याला आधार लिंक आहे" म्हणजे पैसे येतीलच असं नाही. थेट जमा होणारी रक्कम आधार ज्या खात्याशी शेवटचं सीड केलं, म्हणजे सरकारी पैसे घेण्यासाठी जोडलं, त्या खात्यात जाते. ते खातं कोणतं, हे बँकेत विचारा. वर्षानुवर्षं व्यवहार न केलेलं खातं बंद पडलेलं असतं, ते आधी सुरू करून घ्या. यादीत नावापुढे विशिष्ट क्रमांक आला असेल तर तो घेऊन सेवा केंद्रावर ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणी, करावी लागते. आणि बँकेने ही रक्कम थकीत कर्जात वळती करून घेतली, तर शासन निर्णयातली अट दाखवा: आपत्तीच्या मदतीतून वसुली करू नये असं त्यात लिहिलेलं असतं.

घरकुलाबद्दल थोडंच. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण किंवा रमाई आवास या नव्या पक्क्या घरासाठी आहेत, जुन्या घराच्या दुरुस्तीसाठी नाहीत. घरकुल मंजूर असेल तर दारं-खिडक्या त्याच खर्चातून बसवायच्या असतात. बरेच जण भिंती उंच नेतात आणि शेवटी चौकटींना पैसा उरत नाही. मग बांधकाम पूर्ण दिसत नाही आणि शेवटचा हप्ता अडकून पडतो. चौकटी भिंतीबरोबरच बसवा, नक्षीचं दार नंतर लावता येईल.

यादीत नाव नसेल तर तोंडी भांडू नका. तहसीलदारांना लेखी द्या, पहिल्या अर्जाची पोहोच जोडा. पंचनाम्यात काय लिहिलंय ते कुणी दाखवत नसेल तर माहिती अधिकारात त्याची प्रत मागा. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही नाही, आणि उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं. अर्जात एवढंच लिहा: "माझ्या घराच्या नुकसानीच्या पंचनाम्याची व लाभार्थी यादीची प्रमाणित प्रत मिळावी." गावाचं नाव, नमुना ८ वरचा घर क्रमांक आणि नुकसानीची तारीख टाकायला विसरू नका, नाहीतर "माहिती सापडत नाही" असं उत्तर येतं आणि आणखी एक महिना जातो.