आइसलँडच्या सागा: चर्मपत्रांचा प्रवास आणि खरे-खोटेपणाचा जुना वाद

सिगुर्दुर विगफुसॉन या आइसलँडिक अभ्यासकाने १८८३ मध्ये देशाच्या दक्षिण भागातल्या बर्गथोर्शव्होल इथे खोदकाम सुरू केले, ते 'न्याल सागा' प्रमाण मानूनच. (सागा म्हणजे जुन्या आइसलँडिक भाषेतली दीर्घ गद्य कथा.) सागेनुसार १०१०च्या सुमारास शत्रूंनी न्यालचे घर माणसांसकट पेटवून दिले आणि आतल्या बायकांनी दह्याचे आंबट पाणी ओतून आग विझवायचा प्रयत्न केला. खोदताना जळाल्याच्या खुणा मिळाल्या आणि एक पांढरट पदार्थही मिळाला. त्याचा नमुना कोपनहेगनच्या रसायनतज्ज्ञाकडे गेला. हा दुधापासून केलेल्या पदार्थाचा अवशेष आहे, असा निष्कर्ष १८८७ मध्ये छापून आला आणि सागा शब्दशः खरी ठरल्याचा अनेकांना आनंद झाला. पुढे १९५१ मध्ये तिथेच पुन्हा खणले गेले, तेव्हा हाती लागला जळालेला गोठा. राहते घर जळाल्याचा पुरावा काही मिळाला नाही. दूधदुभत्यावर जगणाऱ्या देशात गोठाही जळू शकतो आणि दही तर घरोघर असतेच. त्यामुळे सागेच्या बाजूने किंवा विरुद्ध, या पुराव्याने फारसे काहीच सिद्ध होत नाही.

सागांच्या अभ्यासाचा इतिहास बराचसा याच प्रश्नाभोवती फिरतो. हा इतिहास आहे की रचलेले गद्य? उत्तर कोण देतो आणि कोणत्या काळात देतो, यावर ते बदलत आले आहे.

आइसलँडमध्ये नॉर्वे आणि ब्रिटिश बेटांवरून आलेली वस्ती साधारण ८७० नंतरची. सगळ्या बेटाची सभा, म्हणजे आल्थिंग, ९३० मध्ये भरू लागली आणि १०००च्या सुमारास सभेतच ख्रिस्ती धर्म स्वीकारायचे ठरले. ज्यांना 'आइसलँडवासीयांच्या सागा' म्हणतात त्या चाळीसेक कथा याच काळातल्या घराण्यांच्या आहेत. जमिनीचे तंटे, खून, भरपाई, सूड, तडजोड असा त्यांचा ऐवज. पण त्या लिहिल्या गेल्या तेराव्या-चौदाव्या शतकात, म्हणजे घटनेनंतर दोन-तीनशे वर्षांनी. दरम्यान १२६२ ते १२६४ मध्ये देश नॉर्वेच्या राजाखाली गेला होता. 'न्याल सागा' १२८०च्या आसपासची. मराठीत लीळाचरित्र आकार घेत होते, साधारण त्याच दशकांतली.

लेखकांची नावे नाहीत. मूळ प्रत एकाही सागेची उरलेली नाही. जे आहे ते नकलांच्या नकला. 'न्याल सागे'ची साठाहून जास्त हस्तलिखिते मिळतात आणि त्यांतली सर्वांत जुनी १३००च्या सुमाराची आहेत.

या नकला वासराच्या कातड्यावर केल्या जात. मोठ्या आकाराच्या पोथीत एका कातड्यातून दोन पाने निघतात. 'फ्लातेयारबोक' या सर्वांत मोठ्या पोथीची मूळ पाने २०२, म्हणजे नुसत्या कातड्यासाठी शंभरावर वासरे. ती योन हाकोनारसॉन या श्रीमंत शेतकऱ्यासाठी १३८७ ते १३९४ या काळात दोन पाद्र्यांनी लिहिली. कातडे महाग, म्हणून लेखनिक जागा वाचवत. शब्द आखडायचे, अक्षरांवर खुणा द्यायच्या, समासही भरून टाकायचे. इथेच पुढच्या चुकांची बीजे पडतात. संक्षेप चुकीचा सोडवला की एका माणसाचे दुसरे नाव होते. एकच शब्द दोन ओळींच्या शेवटी आला की नकल करणाऱ्याची नजर खालच्या ओळीवर घसरते आणि मधला मजकूर गळतो. शिवाय जुने वळण सोडून स्वतःच्या काळातली भाषा लिहिण्यात लेखनिकाला काही गैर वाटत नसे. शेकडो वर्षे धुराने भरलेल्या घरांत राहून पाने काळी पडली, ते वेगळेच.

'मोद्रुवाल्लाबोक' ही चौदाव्या शतकातली पोथी. तिच्यात अकरा सागा आहेत आणि कितीतरी सागांचा चांगला पाठ तिच्यातूनच घेतला जातो. या पोथीत 'न्याल सागा' संपते तिथे एक पुसट ओळ आहे: इथे गाउक त्रांदिल्ससॉनची सागा उतरवून घ्या, ती ग्रीम थोर्स्टेनसॉनकडे आहे असे ऐकले आहे. ती कधी उतरवली गेलीच नाही आणि ती सागा आज कुठेही नाही. गाउक मात्र पूर्ण काल्पनिक नसावा. स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांवर मेसहो नावाचे प्राचीन थडगे आहे. त्यात बाराव्या शतकात कोणी तरी रून या जुन्या स्कँडिनेव्हियन लिपीत कोरून ठेवले आहे की ही अक्षरे गाउक त्रांदिल्ससॉनच्या कुऱ्हाडीने कोरली. किती सागा अशा हरवल्या असतील, याचा अंदाज या एका ओळीवरून येतो.

सोळाव्या शतकाच्या मध्याला प्रॉटेस्टंट धर्मसुधारणा झाली आणि जुन्या पोथ्यांची किंमत घसरली. पाने कापून कपड्यांचे बेतण्याचे नमुने केले गेले. बिशपच्या टोपीला ताठपणा यावा म्हणून आत पोथीची पाने शिवलेली आढळली. त्याच सुमारास उलट दिशेची हालचालही सुरू झाली. परदेशी लेखक आइसलँडची टिंगल करतात म्हणून आर्नग्रिमुर योनसॉन या विद्वान पाद्र्याने १५९३ मध्ये आणि नंतर १६०९ मध्ये लॅटिनमध्ये देशाची बाजू मांडली आणि युरोपला या साहित्याची ओळख झाली. मग डेन्मार्क आणि स्वीडन यांच्यात चढाओढ लागली. दोघांनाही आपल्या राजघराण्यांचा प्राचीन इतिहास हवा होता आणि तो आइसलँडिकमध्येच लिहिलेला होता. स्वीडनमध्ये १६६४ मध्ये एक सागा छापलीही गेली. पण त्यांनी निवडल्या त्या पौराणिक, अद्भुत सागा, कारण त्यांत स्वीडनचे राजे होते. न्यालसारख्या शेतकऱ्याच्या कथेत उप्सालाच्या इतिहासकाराला काय रस असणार? आइसलँड तेव्हा डॅनिश राजाच्या ताब्यात होते, आणि पोथ्या स्वीडनकडे जाऊ नयेत म्हणून त्याने बंदी घातली. बिशप ब्रिन्योल्फुर स्वेन्सॉनने 'फ्लातेयारबोक' १६५६ मध्ये आणि देवांच्या काव्याची 'कोडेक्स रेगियस' ही पोथी १६६२ मध्ये डॅनिश राजाला पाठवली, म्हणून त्या टिकल्या. राजाचा प्रतिनिधी हानेस थोर्लेफसॉन १६८२ मध्ये पोथ्या गोळा करून निघाला तो जहाजासकट बुडाला. त्या जहाजात नेमके काय होते, याची यादीसुद्धा नाही.

या सगळ्यात आर्नी माग्नुसॉन (१६६३ ते १७३०) हा माणूस वेगळा ठरतो. कोपनहेगनमधला हा प्राध्यापक १७०२ पासून दहा वर्षे सरकारी जमीनपाहणीसाठी आइसलँडभर हिंडला आणि १७०३ची जनगणनाही त्याच कामाचा भाग होती. घरोघरी जाताना तो पोथ्या मागत असे. विकत मिळाल्या तर विकत, नाही तर उसन्या. सुटे पान मिळाले तरी घ्यायचे, ते कुणाकडून आले याची चिठ्ठी लावायची आणि त्याच पोथीची बाकीची पाने शोधत राहायचे, अशी त्याची रीत. नकला करणाऱ्यांना तो अक्षर न् अक्षर जसेच्या तसे उतरवायला लावी. त्या काळात हे दुर्मीळ होते. मात्र एक खोडही होती. वेगवेगळे मजकूर एकत्र बांधलेली पोथी मिळाली की तो ती उसवून विषयवार लावी. कोणत्या सागा कोणाशेजारी ठेवून वाचल्या जात, ही माहिती त्यामुळे कायमची गेली आणि आजच्या अभ्यासकांना नेमकी तीच हवी असते.

२० ऑक्टोबर १७२८ रोजी कोपनहेगनला आग लागली. आग आपल्या घरापर्यंत येणार नाही, या समजात आर्नीने दुसऱ्या दिवसापर्यंत वेळ घालवला. मग घाईघाईने गाड्या भरल्या. चर्मपत्रावरच्या बहुतेक सागा बचावल्या, छापील पुस्तके आणि त्याची टिपणे बहुतांशी जळाली. विद्यापीठाच्या ग्रंथालयाचे नुकसान याहून मोठे. राजांच्या सागांची 'क्रिंगला' ही तेराव्या शतकातली पोथी तिथे जळाली. तिचे एकच पान उरले, कारण ते आधीच स्वीडनला गेले होते. तिचा मजकूर आज वाचता येतो तो आर्नीच्या काळात आस्गेर योनसॉनने केलेल्या नकलेवरून.

'हेदारविगा सागे'चे जे झाले ते आणखी विलक्षण. तिची बारा पाने आर्नीने स्टॉकहोमहून उसनी आणली होती आणि त्याचा लेखनिक योन ओलाफसॉनने त्यांची नकल केली होती. आगीत मूळ पाने गेली, नकलही गेली. योनने मग आठवणीतून सारा मजकूर पुन्हा लिहून काढला. आज या सागेचा पहिला भाग वाचणारा माणूस अठराव्या शतकातल्या लेखनिकाची स्मरणशक्ती वाचत असतो. चांगल्या आवृत्तीत ही सीमा स्पष्ट दाखवलेली असते. भाषांतरात ती तळटीपेत गेली की वाचकाच्या लक्षात येत नाही.

आर्नीच्या मृत्युपत्राने संग्रह कोपनहेगन विद्यापीठाला मिळाला. १७७२ मध्ये 'न्याल सागा' तिथे पहिल्यांदा छापली गेली. पण आइसलँडच्या शेतघरांत लोक छापील पुस्तकांची वाट पाहत बसले नव्हते. हिवाळ्याच्या संध्याकाळी लोकर पिंजता-विणता एकजण मोठ्याने वाचायचा आणि त्यासाठी कागदावर नकला एकोणिसाव्या शतकापर्यंत होत राहिल्या. अभ्यासक बराच काळ या कागदी प्रतींना 'उशिराच्या, निरुपयोगी' म्हणत आले. ते चुकीचे होते, कारण काही सागा फक्त कागदावरच उरल्या आहेत.

एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या वाचकांना या सागा मिळाल्या आणि प्रत्येकाने आपल्याला हवे ते घेतले. इंग्लंडमध्ये जॉर्ज डेसेंटचे 'न्याल'चे भाषांतर १८६१ मध्ये आले. विल्यम मॉरिसने एरिकुर माग्नुसॉनच्या मदतीने 'ग्रेट्टिर सागा' १८६९ मध्ये छापली. नॉर्वेचे इतिहासकार या साहित्याला 'जुने नॉर्स' म्हणून आपला वारसा मानत. कथा मौखिक असतील, तर त्या नॉर्वेहून आलेल्या लोकांच्या मुखातल्या. कुणा आइसलँडिक लेखकाची निर्मिती असतील, तर तो दावा लुळा पडतो. वरवर शुद्ध शास्त्रीय वाटणाऱ्या वादाला ही धार होती. स्विस अभ्यासक आंद्रेआस हॉयस्लर याने १९१४ मध्ये दोन्ही बाजूंना नावे दिली: मुखपरंपरेत घडलेले गद्य मानणारे 'मुक्तगद्य'वादी आणि लेखणीने घडवलेले गद्य मानणारे 'ग्रंथगद्य'वादी. तो स्वतः पहिल्या पक्षाचा. जर्मनीत पुढे नाझींनी याच साहित्यातून 'शुद्ध जर्मानिक' माणूस शोधला. सागांतले वकिली डावपेच आणि तडजोडी पाहता हा शोध हास्यास्पदच होता.

ग्रंथगद्याचा सर्वांत जोरदार पुरस्कर्ता सिगुर्दुर नोर्दाल. त्याने १९४० मध्ये 'ह्राफ्नकेल सागे'वर छोटेसे पुस्तक लिहिले. ही सागा आटोपशीर आहे: आपल्या लाडक्या घोड्यावर बसला म्हणून ह्राफ्नकेल मेंढपाळाला मारतो, आल्थिंगमध्ये खटला हरतो, जमीन गमावतो आणि काही वर्षांनी सत्ता परत मिळवतो. इतकी साधी आणि नेटकी की सर्वांना ती खरीच वाटे. नोर्दालने ती 'लांदनामाबोक' या वसाहतीच्या नोंदग्रंथाशी ताडून पाहिली. तिथे ह्राफ्नकेलच्या बापाचे नाव ह्राफ्न, सागेत हालफ्रेद. खटला जिंकून देणारे पश्चिमेकडचे दोन शक्तिशाली भाऊ इतर कुठल्याच साधनात नाहीत आणि ते काढले तर कथानकच कोसळते. निष्कर्ष: ही कादंबरी आहे. दरीत सागा म्हणते एवढी वस्ती असणे शक्य नाही, असाही त्याचा एक मुद्दा होता. पण नंतरच्या पाहणीत तिथे जुन्या शेतघरांचे अवशेष त्याच्या अपेक्षेहून बरेच जास्त निघाले. ओस्कार हाल्दोरसॉनने १९७६ मध्ये मौखिक परंपरेचा मुद्दा पुन्हा पुढे आणला. नोंदग्रंथाशी जुळत नाही म्हणजे लेखकाने रचले, हा नोर्दालचा तर्क मुळातच थोडा कच्चा होता. तोंडी कथाही बदलतातच की.

नोर्दाल लिहीत होता तेव्हा आइसलँड स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर होते आणि जागतिक दर्जाचे गद्यलेखक आमच्याकडे तेराव्या शतकात होते, हे सांगणे सोयीचेही होते. सागा राष्ट्रीय ठेवा झाल्याचा एक तिरपागडा परिणाम १९४१ मध्ये दिसला. कादंबरीकार हाल्दोर लाक्सनेस, ज्याला १९५५ मध्ये नोबेल मिळाले, त्याने 'लाक्सदाइला सागा' आजच्या शुद्धलेखनात छापायचे ठरवले. संसदेने घाईने कायदा केला की १४०० पूर्वीचे साहित्य छापायचा हक्क फक्त सरकारचा. लाक्सनेस आणि त्याच्या प्रकाशकाने १९४२ मध्ये मुद्दाम 'ह्राफ्नकेल' छापली. खटला झाला, शिक्षा झाली आणि १९४३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुद्रणस्वातंत्र्याच्या आधारे त्यांना सोडले. गंमत म्हणजे ज्या 'प्राचीन' शुद्धलेखनासाठी हा आटापिटा, ते एकोणिसाव्या शतकातल्या संपादकांनी बसवलेले आहे. कोणतीही पोथी तशी लिहिलेली नाही.

१९४४ मध्ये प्रजासत्ताक झाल्यावर पोथ्या परत मागण्याने जोर धरला. डॅनिश संसदेने १९६१ मध्ये आणि पुन्हा १९६५ मध्ये कायदा केला, न्यायालयीन लढाई १९७१ पर्यंत चालली. २१ एप्रिल १९७१ रोजी डॅनिश नौदलाचे जहाज 'कोडेक्स रेगियस' आणि 'फ्लातेयारबोक' घेऊन रेक्याविकला आले. उरलेली परतफेड १९९७ पर्यंत हप्त्याहप्त्याने झाली. आर्नीच्या संग्रहातला मोठा भाग अजून कोपनहेगनमध्येच आहे, कारण परत द्यायचे ते फक्त आइसलँडशी थेट संबंध असलेले, अशी वाटणी ठरली होती. नॉर्वेच्या राजांच्या सागा आइसलँडरने लिहिलेल्या असल्या तरी बऱ्याच तिकडेच राहिल्या.

गेल्या पन्नास वर्षांत खरे की खोटे हा प्रश्नच बाजूला पडला आहे. विल्यम इयन मिलरसारखे कायद्याचे अभ्यासक सागांतून सूड आणि भरपाईची व्यवस्था कशी चाले ते वाचतात. ठरावीक खटला घडला नसेल, पण लिहिणाऱ्याला खटला कसा चालतो हे पक्के ठाऊक होते, हा त्यांचा आधार. दुसरीकडे व्हिनलंडच्या सागा उत्तर अमेरिकेपर्यंतच्या प्रवासाची गोष्ट सांगतात. न्यूफाउंडलंडमधल्या लान्स ओ मेडोज इथे १९६० मध्ये नॉर्स वस्ती सापडली आणि तिथली लाकडे १०२१ मध्ये तोडल्याचे २०२१ मध्ये दाखवले गेले. पण म्हणून त्या सागांतली एकपायी माणसे खरी ठरत नाहीत. एकाच सागेत दोन्ही असू शकते.

नव्याने वाचायला घेणाऱ्याने आवृत्ती हातात घेतल्यावर आधी प्रस्तावनेतली हस्तलिखितांची माहिती पाहावी. 'गिस्ली सागे'चे लहान आणि मोठे असे दोन पाठ आहेत, 'फोस्टब्रेद्रा'चेही पोथीगणिक रूप बदलते. भाषांतरकाराने कोणता पाठ घेतला हे लिहिले नसेल, तर दोन भाषांतरे ताडून पाहताना उगाच गोंधळ होतो. १९३३ पासून निघणारी 'इस्लेन्स्क फोर्नरित' ही मालिका बहुतेक भाषांतरांचा पाया आहे. तिच्या जुन्या खंडांच्या प्रस्तावना बहुतांशी ग्रंथगद्यवाद्यांनी लिहिलेल्या आहेत, हे लक्षात ठेवून त्या वाचाव्यात.